भरलेली कॅसेट आणि विकतची कॅसेट

सांगलीला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. पाटीवर काहीतरी रुबाबदार इंग्रजी नाव होतं, पण ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. सगळे त्याला 'कॅसेट भरून देणारा' एवढंच म्हणत. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, ए साइडला आठ, बी साइडला आठ. कोरी साठची कॅसेट आपण द्यायची किंवा त्याच्याकडची घ्यायची, आणि चार दिवसांनी न्यायला यायचं. तो यादीवरून बोट फिरवत मिनिटं मोजायचा. "शेवटचं बसणार नाही, तुटंल." वडील म्हणायचे, "तुटू दे. बसेल तेवढं बसव." त्यामुळे आमच्या घरात कित्येक गाणी दुसऱ्या अंतऱ्याच्या मधोमध संपतात. अजूनही त्यातलं एखादं कुठे पूर्ण ऐकू आलं की मला ते लांबवल्यासारखं वाटतं.

वडील गेल्यावर माळ्यावरून दोन खोकी निघाली. एकात कंपनीच्या कॅसेट, वेष्टनावर गायकाचा फोटो असलेल्या, पै-पै जमवून घेतलेल्या. दुसऱ्यात भरलेल्या, वडिलांच्या अक्षरात पाठीवर नावं घातलेल्या. गेल्या पावसाळ्यात मी दोन्ही खोकी संगणकावर उतरवायला घेतली. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटं लागतात, त्यात घाई चालत नाही. काहींच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली. काहींच्या आतला नमद्याचा तुकडा गळून पडलेला, त्यामुळे फीत हेडला नीट चिकटत नाही आणि आवाज येतो-जातो. हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला की कधीकधी घोगरा आवाज एकदम मोकळा होतो. तो क्षण फार छान असतो.

हे सगळं बघून आमचे एक वकील स्नेही सहज म्हणाले, "हे तू करतोयस ते कायद्यात बसतं का, बघितलंयस?" मी हसलो. मग बघितलं. बघितल्यावर मात्र या विषयाने पाठ सोडली नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात कोणत्या गोष्टी केल्या तर हक्कभंग होत नाही याची लांबलचक जंत्री आहे, आणि जंत्रीची सुरुवातच खासगी वापराने होते. पण २०१२ पर्यंत ही सवलत साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती आणि कलाकृती यांच्यापुरती होती. संगीतकृती म्हणजे कायद्याच्या भाषेत फक्त चाल. शब्द ही वेगळी कृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरीच. त्या तिसरीचं नाव सवलतीत नव्हतं. म्हणजे गंमत बघा: गाण्याचे शब्द ऐकून वहीत उतरवून घेतले तर चालत होतं, चालीचं नोटेशन लिहून घेतलं तरी चालत होतं, पण स्वतःच्या पैशाने आणलेली कॅसेट घरातल्याच दुसऱ्या कॅसेटवर उतरवली तर त्याला या सवलतीचं छत्र नव्हतं. ज्यांच्या घरात दोन खणांचा टेपरेकॉर्डर होता ते सगळे, अगदी एकादशीला अभंग ऐकणारे सोवळे लोकसुद्धा, उघड्यावरच होते.

मैफलींची गोष्ट थोडी निराळी. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाने या हक्काचा भंग होत नाही, हे कलम ३९ सांगतं. हेच कलम प्रसारण करणाऱ्याच्या हक्कालाही लागू आहे. गुरुजींची मैफल कोपऱ्यात बसून टेप करणारा शिष्य आणि रात्री आकाशवाणीची संगीतसभा टेप करणारे काका, या दोघांचा विचार कायद्याने केला होता. दुकानातून पैसे मोजून कॅसेट आणणारा गिऱ्हाईक मात्र राहून गेला. का, याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही. माझा अंदाज असा की त्याची बाजू मांडायला कुणी उभंच नव्हतं. कॅसेट कंपन्यांची संघटना असते, गायकांची असते. कॅसेट ऐकणाऱ्यांची कुठे असते?

मग २०१२ ची दुरुस्ती आली. संसदेतली ती चर्चा लक्षात राहिली ती गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला होता, आणि चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांचे हक्क कायमचे लिहून घेण्याची पद्धत त्या दुरुस्तीने मोडली. त्या धामधुमीत खासगी वापराच्या सवलतीतली चार कृतींची यादी गेली आणि तिच्या जागी संगणक प्रणाली वगळता 'कोणतीही कृती' असे शब्द आले. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी कोणत्याही कृतीशी केलेला 'रास्त व्यवहार' हा हक्कभंग नाही. त्याखाली एक स्पष्टीकरणही जोडलं: या कारणासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हादेखील हक्कभंग नाही. २१ जून २०१२ पासून हे लागू झालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तोवर कॅसेटचा जमाना संपला होता, सीडी संपत आली होती, आणि सांगलीतल्या त्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती. पण घोडं आलं, हे महत्त्वाचं. माझ्या मते त्या दुरुस्तीतला सामान्य माणसाच्या सगळ्यात जवळचा बदल हाच होता, आणि त्याची बातमी झाली नाही.

याची किंमत कळायला इंग्लंडकडे बघावं. तिथे १९८० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी मोठी मोहीम काढली होती: घरी टेप करण्याने संगीत मरतंय. चिन्ह काय, तर चाच्यांच्या झेंड्यावरच्या कवटीच्या जागी कॅसेट. दुप्पट वेगाने कॅसेटवरून कॅसेट भरणारं यंत्र विकल्याबद्दल ॲमस्ट्रॅड कंपनीला त्यांनी थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, खेचलं. १९८८ मध्ये कंपनी सुटली. पण निकाल देताना लॉर्ड टेम्पलमन यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा: दरवर्षी लाखो लोक घरबसल्या हा कायदा मोडतात, आणि लोक ज्याला इतकं तुच्छ लेखतात तो कायदा दुरुस्त तरी करावा नाहीतर रद्द करावा. दुरुस्त करायला सरकारला त्यानंतर सव्वीस वर्षं लागली. १ ऑक्टोबर २०१४ पासून तिथल्या माणसाला स्वतः विकत घेतलेल्या गाण्याची स्वतःसाठी प्रत करायची परवानगी मिळाली. संगीतकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या. जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्दबातल केली. कारण असं की संगीतकारांना भरपाई न देता सवलत द्यायची तर त्यांचं नुकसान नगण्य आहे हे पुराव्याने दाखवावं लागतं, आणि सरकारने जमवलेला पुरावा तेवढा भक्कम नव्हता. साडेनऊ महिने कायदेशीर असलेली गोष्ट पुन्हा बेकायदा झाली.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. पुण्याला आला की लक्ष्मी रोडवरून नाट्यसंगीताच्या सीडी घेऊन जायचा. तो त्या सीडी मावशीच्या घरी बसून लॅपटॉपवर उतरवतो तेव्हा भारतातली सवलत त्याच्या पाठीशी असते. विमानातून उतरून स्वतःच्या घरी तेच करतो तेव्हा ती नसते. तीच सीडी, तोच माणूस, तोच लॅपटॉप. अर्थात त्याला पकडायला कुणी येत नाही. तिथेही नाही आणि १९९० मध्ये सांगलीतही कुणी येत नव्हतं. "मग काय बिघडलं?" असं विचारणारे असतातच. माझं म्हणणं असं की जो कायदा सगळेच मोडतात आणि कुणालाच शिक्षा होत नाही, तो कायदा चोर आणि सज्जन यांच्यातला फरक पुसून टाकतो. तीस रुपयांत दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी फूटपाथवर विकणारा आणि स्वतःची कॅसेट वाचवणारा माझा बाप, दोघेही एकाच माळेचे मणी ठरत असतील, तर लोक फूटपाथवरून का घेणार नाहीत? नाहीतरी दोन्हीकडे गुन्हाच. आपल्याकडे पायरसीबद्दल कुणाला लाज वाटली नाही याला हेही एक कारण आहे, असं मला वाटतं.

जर्मनीने हा गुंता वेगळ्या वाटेने सोडवला, आणि ती गोष्ट मला फार आवडते. तिथे गेमा नावाची संगीतकारांच्या हक्कांची संस्था आहे. टेपरेकॉर्डर नवे होते तेव्हा, १९५५ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की घरी टेप करण्यालाही परवानगी लागते. बरं, घराघरातून परवानगी वसूल कशी करायची? गेमाने मागणी केली की टेपरेकॉर्डर विकताना गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघून नाव-पत्ता टिपून ठेवा. १९६४ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. अशा नोंदी ठेवून पुढे माणसाच्या घरात शिरून तो काय टेप करतो हे तपासणार असाल तर घराच्या अभंगतेला धक्का लागतो, असा त्या निकालाचा रोख होता. मग १९६५ च्या कायद्याने मधला मार्ग काढला: घरी प्रत करा, खुशाल करा, पण टेपरेकॉर्डरच्या किमतीत थोडा आकार धरलेला असेल आणि तो संगीतकारांना जाईल. युरोपात बहुतेक देशांनी पुढे हाच कित्ता गिरवला.

आपल्याकडे हा आकार आणावा का? इथे मी जर्मनीची साथ सोडतो. टेपरेकॉर्डर हे गाण्यांचं यंत्र होतं, त्यावर गाण्याचा आकार लावण्यात तर्क होता. आजचं मेमरी कार्ड घ्या. त्यावर बारशाचे फोटो असतात, सातबाराचे स्कॅन असतात, मुलीच्या क्लासच्या नोट्स असतात, शुभ सकाळच्या शेकडो फुलांची चित्रं असतात. कॅनडात कोऱ्या सीडीवर २९ सेंट आकार होता. घरचे फोटो साठवायला सीडी घेणाराही तो भरायचा. शिवाय जमलेला पैसा वाटायचा कसा? आमच्या भरलेल्या कॅसेटींत एका भजनी मंडळाची बी साइड आहे, त्यातल्या पखवाजवाल्याचं नाव वेष्टनावरसुद्धा नव्हतं. आकार सगळ्यांकडून गोळा होईल आणि वाटा मोठ्या कंपन्यांच्या यादीप्रमाणे जाईल. एका व्हायोलिनवादक परिचितांना मी विचारलं होतं की, लोक घरी कॉपी करतात त्याने तुमचं किती नुकसान झालं. ते म्हणाले, "मला रेकॉर्डिंगचे पैसे एकदाच मिळाले, पाकिटात. तुम्ही एक कॉपी करा नाहीतर शंभर, त्या पाकिटात काही फरक पडत नाही." कलावंताला मिळणारा पैसा कंपनीशी झालेल्या करारात अडकलेला असतो, माझ्या घरातल्या दुसऱ्या कॅसेटमध्ये नाही. २०१२ च्या दुरुस्तीने त्या कराराला हात घातला, ते योग्य ठिकाण होतं.

तर भारतातला माणूस आज तुलनेने बऱ्या जागी उभा आहे. पण जागा भक्कम आहे का? सगळा भार 'रास्त' या एका शब्दावर आहे, आणि कायद्यात त्याची व्याख्या नाही. एखाद्या पुस्तकातलं एक पान उतरवणं रास्त, हे कुणालाही पटतं. अख्खं गाणं उतरवणं रास्त का? मी म्हणेन, गाण्याच्या बाबतीत अख्खंच रास्त. ऐकण्यासाठी प्रत करायची तर अर्धा अंतरा घेऊन कोण काय करणार? (आमच्या वडिलांचा अपवाद.) पण हे मी म्हणतो. कायदा तसं शब्दांत म्हणत नाही. मूळ प्रत विकत घेतलेली हवी, असंही तो म्हणत नाही. मूळ प्रत विकून टाकली तर केलेली नक्कल ठेवता येते की नाही, हेही नाही. हे सगळं न्यायाधीशांच्या तारतम्यावर सोडलेलं आहे.

एकदा मुंबई उच्च न्यायालयात हा शब्द चर्चेला आला, पण भलत्याच अंगाने. गाण्यांचे हक्क असलेली टिप्स कंपनी विरुद्ध विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲप. टिप्सच्या गाण्यांचा परवाना संपला, नव्याने सौदा जमला नाही, तरी विंकवर गाणी वाजत आणि डाउनलोड होत राहिली. विंकचा मुख्य दावा प्रसारणाच्या वैधानिक परवान्याचा होता, म्हणजे मालकाने नाही म्हटलं तरी ठरवून दिलेला दर भरून गाणी वाजवता येतात असा. सोबत असंही म्हणणं मांडलं गेलं की गाणी साठतात ती ग्राहकाच्या फोनवर, त्याच्या वैयक्तिक वापरासाठी, तेव्हा हा रास्त व्यवहारच झाला. न्यायमूर्ती काथावाला यांनी एप्रिल २०१९ मध्ये हे दोन्ही फेटाळलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने निकाल कायम ठेवला. मला हा निकाल पूर्ण पटतो. ग्राहकाची सवलत दुकानदाराने उसनी घ्यायची नसते. कॅसेट भरून देणाराही हेच म्हणू शकला असता की, मी थोडाच ऐकतो, गिऱ्हाईक ऐकतं. पण तो भरायचे पैसे घ्यायचा, आणि तिथेच वैयक्तिक वापर संपून धंदा सुरू होतो. फक्त यात एक झालं. खुद्द ग्राहकाने स्वतःच्या घरी, स्वतःच्या गाण्याची प्रत केली तर काय, हा साधा प्रश्न कुणी न्यायालयापुढे नेलाच नाही. नेणार तरी कोण? त्यात कुणाचेच पैसे गुंतलेले नाहीत.

इथपर्यंत मी विकत घेतलेल्या गाण्याबद्दल बोललो. आता पंचाईत अशी की विकत घेतलेलं गाणंच उरलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी आईसाठी एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली. तिला चालवायला सोपं पडावं म्हणून एकाच यादीत साठेक अभंग लावून दिले. पहाटे पाचला उठून ती यादी लावायची आणि कणीक मळायला घ्यायची. एके दिवशी फोन आला, "अरे, मधले मधले गप्प बसतात." जाऊन बघितलं तर यादीतली अकरा नावं करडी पडलेली. दाबली तरी लागत नव्हती. ग्राहकसेवेचं उत्तर आलं की हक्कधारकांशी असलेल्या करारानुसार उपलब्धता बदलू शकते. मी ती गाणी 'डाउनलोड' करून ठेवली होती, तीही गप्प. कारण ते डाउनलोड म्हणजे कुलूपबंद फाइल असते, किल्ली ॲपकडे. वर्गणी माझी, फोन आईचा, साठवायची जागा तिच्या फोनमधली, आणि गाणं कुणाचंच नाही. हे एका ॲपचं दुखणं नाही. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एका फटक्यात उतरली, तेव्हा लाखो लोकांच्या याद्यांना अशीच भोकं पडली.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. तिथे एमपीथ्री मिळायच्या, बिनकुलपाच्या, सरळ विकत. जेमतेम सव्वा वर्ष चाललं आणि जून २०१३ मध्ये बंद झालं. घेतलेली गाणी उतरवून घ्या म्हणून गिऱ्हाइकांना ऑगस्टपर्यंत मुदत दिली होती. ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे ती आजही वाजतात. दुकान गेलं, माल राहिला. वाण्याचं दुकान बंद झालं म्हणून घरातली साखर नाहीशी होत नाही, तसंच. प्रत करायची मुभा महत्त्वाची का, हे मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

भाड्याने गाणी ऐकण्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत एवढं भांडार वडिलांना मिळालं असतं तर ते नोकरी सोडून ऐकत बसले असते. भाड्याचं घर असतं तसं भाड्याचं गाणं असावं. पण भाडेपावतीवर 'खरेदीखत' असं लिहू नये. जिथे बटणावर 'विकत घ्या' लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरांत 'मर्यादित परवाना' असतो, तिथे फसवणूक आहे. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून यावर कायदा केला: डिजिटल माल 'विकत' म्हणायचा असेल तर आधी ग्राहकाला स्पष्ट सांगा की हा परवाना आहे. त्यातून सूट कायमचं उतरवून घेता येईल आणि इंटरनेटशिवायही वापरता येईल अशा मालाला. म्हणजे विकत घेणं कशाला म्हणावं याची खूण तिथे प्रत स्वतःकडे राहण्याशीच बांधली गेली. आपल्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली एवढा नियम करायला काहीच हरकत नसावी.

कुलपाबद्दल आपला कायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा समंजस आहे. कलम ६५ अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पण हेतू तो असावा लागतो, आणि कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर ते कलम आड येत नाही, असं त्यातच लिहून ठेवलंय. म्हणजे विकत घेतलेल्या सीडीचं कुलूप स्वतःच्या घरी ऐकण्यासाठी उघडणारा गुन्हेगार नाही. अडचण कायद्याबाहेर आहे, ती ॲपच्या अटींमध्ये. 'मला मान्य आहे' या बटणावर न वाचता बोट ठेवून आपण कलम ५२ ने दिलेलं बरंचसं परत करून टाकतो. ब्रिटनच्या त्या अल्पायुषी नियमात यावर एक वाक्य होतं, जे मी जसंच्या तसं उचलीन: या सवलतीने जी प्रत करता येते तिला मना करणारी कराराची अट तेवढ्यापुरती अंमलात आणता येणार नाही. आपल्या कायद्यात असं वाक्य नाही. ते यावं. आणि सोबत आणखी दोन ओळी याव्यात. पैसे देऊन घेतलेल्या गाण्याची कोणत्याही माध्यमात, स्वतःच्या घरापुरती प्रत करता येईल. आणि मूळ प्रत विकली किंवा देऊन टाकली तर नक्कल पुसावी लागेल. ही दुसरी अट कॅनडाच्या २०१२ च्या कायद्यात आहे आणि ती न्याय्य आहे. सीडी रद्दीत घालून तिची नक्कल ऐकत बसणं म्हणजे गाय विकून दूध मागणं झालं.

'घरापुरती' म्हटल्यावर घर कुठे संपतं, हे विचारलं जाणारच. व्हॉट्सॲपवरच्या दोनशे जणांच्या सोसायटीच्या ग्रुपवर गाणं टाकणं म्हणजे घर नव्हे, हे सांगायला वकील लागत नाही. लग्न होऊन कोल्हापूरला गेलेली बहीण? माझी बहीण वडिलांच्या कॅसेटींची माझ्याइतकीच वारस आहे. कॅसेट एक, वारस दोन. सोन्याच्या बांगड्या वाटून घेता येतात, एक कॅसेट कशी वाटणार? प्रत करूनच. अशा वेळी कायद्याने कुटुंबाकडे कुटुंब म्हणूनच बघावं, प्रत्येक सदस्याला सुटा ग्राहक समजू नये, असं मला वाटतं. इंग्रजी कायद्यावर बेतलेल्या आपल्या कॉपीराइट कायद्याला एकत्र कुटुंबाची कल्पनाच शिवलेली नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

काही कॅसेटींबाबत तर वेगळीच गंमत आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे खोक्यातल्या १९५० च्या दशकातल्या मुद्रणांवर आता कंपनीचा हक्क उरलेला नाही. पण शब्द आणि चाल यांचे हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. गदिमा १९७७ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्याला तीन कुलपं आणि तिन्हींच्या तारखा वेगळ्या. घरात बसून ऐकणाऱ्याने हे पंचांग सांभाळावं अशी अपेक्षा कुणाचीच नसेल, पण सवलत सुस्पष्ट नसली की ती वेळ त्याच्यावर येते.

संगणकावर मी दोन फोल्डर केले. एकाला नाव दिलं 'विकतची', दुसऱ्याला 'भरलेली'. पहिल्याबद्दल माझं मन स्वच्छ आहे. वर जे काही लिहिलं ते त्या फोल्डरच्या बाजूने लिहिलं आहे. दुसऱ्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ती गाणी दुकानदाराने कुठल्या तरी कॅसेटवरून किंवा तबकडीवरून भरलेली, मूळ मालकाला एक पैसा न देता. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय की बेकायदा मूळ प्रतीवरून केलेल्या खासगी नकलेला सवलत नाही. आपल्या कायद्यात ती अट शब्दांत नाही, पण मी वर ज्या ओळी मागितल्या त्या उद्या खरोखरच आल्या, तर हा दुसरा फोल्डर त्यांच्या बाहेर पडतो. माझ्याच युक्तिवादाने.

दिवाळीत बहीण आली होती. मी पेनड्राइव्ह तिच्या हातात ठेवला आणि म्हटलं, कंपनीच्या सगळ्या कॅसेट आहेत यात, आवाज चांगला साफ केलाय. ती म्हणाली, "ती गाणी मोबाइलवर मिळतात रे. तू ती तुटणारी दे."